दोन खंड, एक डिग्री

भाऊ दारात बूट काढता काढताच म्हणाला, "तुले एक विचारायचं हाय. भूगोलातलं."

मला हसू आलं. इतकी वर्षं मी अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते, पण माझ्या भावाने भूगोलातलं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. आमच्या घरात भूगोल म्हणजे ज्याला गणित येत नाही त्याने घ्यायचा विषय. मी तो घेतला, मास्तरीण झाले. भाऊ विज्ञानाला गेला, डॉक्टर होणार होता, तो पाटबंधारे खात्यात कारकून झाला. या दोन गोष्टी आम्ही दोघं कधी शेजारी शेजारी ठेवत नसू. आमचे बाबा बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी होते. पोरांनी पाटी सोडू नये एवढंच त्यांना कळत होतं, आणि तेवढं त्यांनी केलं.

भावाच्या मागे त्याची पोरगी उभी होती. बारावी झालेली, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दोनदा कमी पडलेली. दोनदा का कमी पडली याची चर्चा अमरावतीच्या घरात इतकी झाली होती की पोरगी आता कोणाकडे बघून बोलतच नसे. मी पाणी दिलं तर ग्लासाकडे बघून "हो आत्या" म्हणाली.

भावाने पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. मधोमध नकाशा. पोर्तुगालपासून पार कास्पियन समुद्रापर्यंत सगळा मुलूख एकाच निळ्या रंगात, आणि त्या निळ्याच्या उजव्या टोकाला एका छोट्या देशावर लाल चांदणी. जॉर्जिया. वर लिहिलं होतं, युरोपात एमबीबीएस.

"हा देश युरोपात हाय ना?" भावाने चांदणीवर बोट ठेवलं.

"कोणाला विचारतोस त्यावर आहे, भाऊ."

"तुले विचारून राह्यलो ना."

मग मी त्याला सांगितलं, जसं मी नववीच्या पोरांना सांगत असे. युरोप आणि आशिया ही एकच जमीन आहे. मधे समुद्र नाही. माणसांनी ठरवून एक रेघ ओढली. उरल पर्वत, उरल नदी, कास्पियन, मग काकेशसचा डोंगर, मग काळा समुद्र. आता डोंगराच्या माथ्यावरून रेघ नेली तर हा देश जवळपास सगळाच आशियात पडतो. डोंगराच्या दक्षिणेकडून नेली तर युरोपात. कोणी त्याला पश्चिम आशियात धरतं, कोणी पूर्व युरोपात. तिथले लोक स्वतःला युरोपातले म्हणवतात. पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत. चूक कोणाचीच नाही, कारण ती रेघ जमिनीवर नाहीच.

भावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे हाय."

"म्हणजे काही हिशेबाने आहे, काही हिशेबाने नाही."

"हाय म्हन ना मंग. फाटे काहून फोडून राह्यली?"

मी म्हटलं, खंडाने काय फरक पडतो? शिकवणारे कसे आहेत, दवाखान्यात रोगी बघायला मिळतात का, परत आल्यावर इथे डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्यायची परीक्षा किती पोरं पास होतात, हे विचार. त्याने पुस्तिका घडी घालून ठेवली. ते सगळं विचारलं हाय, म्हणाला. पण मला माहीत होतं त्याला काय पाहिजे होतं. आमच्या नात्यातली दोन पोरं रशियाला जाऊन आली होती आणि लग्नकार्यात भाऊच त्यांची टिंगल करायचा. रशियाले कोणी बी जाते, असं म्हणायचा. आता स्वतःच्या पोरीला पाठवायची वेळ आली तेव्हा त्याला रशियापेक्षा वरचं काहीतरी लागत होतं. युरोप हा शब्द त्याला मिळाला होता आणि मी त्या शब्दाला टाचणी लावत होते.

निघताना पोरीने मला एकच प्रश्न विचारला. "आत्या, तिथे थंडी किती असते?" त्याचं उत्तर मला नीट देता आलं.

काही आठवड्यांनी भावाचा फोन. अमरावतीत पालकांचा मेळावा होता. ज्या एजंटाकडून पोरीचा प्रवेश होत होता, त्यानेच ठेवलेला. "तुमच्या भगिनी भूगोलाच्या मॅडम आहेत म्हणता, तर त्यांनाच बोलवा," असं तो म्हणाला होता.

"दोन शब्द बोलायचे. तो देश कुठे हाय, कसा हाय, एवढंच."

"भाऊ, मी जे तुला सांगितलं तेच तिथे सांगणार."

"सांग ना. तुले खोटं बोलाले कोन सांगून राह्यलं? अन् शाल देऊन सत्कार करणार हाय तो. आजवर कोनं केला का तुहा सत्कार?"

हे शेवटचं वाक्य त्याने प्रेमाने म्हटलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. मी गेले.

बडनेऱ्याच्या स्टेशनावर भाऊ स्कूटर घेऊन आला होता. हॉल भरलेला. मेळघाटातल्या धारणीकडून आलेला एक शिक्षक, मोर्शीचे एक कृषी केंद्रवाले, बाळापूरची एक अंगणवाडी सेविका, अशी माणसं. कोणीच श्रीमंत वाटत नव्हतं. सगळ्यांच्या हातात तीच निळी पुस्तिका, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक मान खाली घातलेलं पोर. एजंट तरुण होता. अमरावतीचाच, पण बोलणं पुण्याहून आणलेलं. माझ्या पाया पडला. भाऊ त्या वेळी चारी बाजूंना बघत होता, कोण कोण बघतंय ते.

मी बोलायला उभी राहिले तेव्हा ठरवलं, यांना यांच्या भाषेत सांगायचं. मी विचारलं, "वऱ्हाड कुठे सुरू होते अन् कुठे संपते?"

हॉल हसला. मग उत्तरं यायला लागली. कोणी म्हणालं अकोला-अमरावती. कोणी म्हणालं यवतमाळ घ्या, बुलडाणा घ्या. मोर्शीचे काका म्हणाले, वर्धा नदीच्या अलीकडचा सगळा वऱ्हाडच. एक जण म्हणाला, "मेळघाट कायचा वऱ्हाड? तिकडची बोली पाहा, खाणं पाहा." त्यावर धारणीचा शिक्षक उठून उभा राहिला, "मॅडम, आमाले अमरावतीवाले वऱ्हाडात धरत नाहीत अन् मध्यप्रदेशवाले त्यांच्यात धरत नाहीत." पुन्हा हशा.

मी म्हटलं, सरकारी नकाशात अमरावती विभाग असतो, वऱ्हाड नावाची रेघ कुठेच नसते. तरी वऱ्हाड आहे की नाही? आहे. पुण्याला प्रशिक्षणाला गेलं की आपण सगळे 'नागपूरकडचे' होतो. मी शंभरदा सांगते, अकोला नागपूर नाही, तरी त्यांच्या लेखी आपण नागपूरच. जगातही तसंच चालतं. 'मध्यपूर्व' म्हणतात, पण कोणाच्या पूर्वेला? लंडनच्या. आपल्याला तर ती पश्चिमेला आहे. त्या मध्यपूर्वेत इजिप्त धरतात, आणि इजिप्त बराचसा आफ्रिकेत, थोडासा आशियात. नावं अशी सैल असतात. जॉर्जियाचंही तसंच आहे. युरोप म्हणा, आशिया म्हणा, दोन्ही म्हणणारे आहेत. तेव्हा त्या नावावर जाऊ नका.

माणसं मान डोलावत होती. मला वाटलं, कळलं. आयुष्यात इतक्या वर्गांना शिकवलं, पण इतकं लक्ष देऊन क्वचितच कोणी ऐकलं असेल.

तेवढ्यात बाळापूरची बाई उभी राहिली. पदर सावरत म्हणाली, "मॅडम, मंग आमच्या पोरीच्या डिग्रीवर युरोप लिहून येईन का?"

"डिग्रीवर खंडाचं नाव नसतं, ताई. आणि इथे आल्यावर जी परीक्षा द्यायची, ती सगळ्यांना सारखी. युरोपातून आला म्हणून कोणाला सूट नाही."

भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. त्याने रुमाल काढून तोंड पुसलं. आणि मग तो एजंट उठला, माझ्या हातून माईक अगदी आदराने घेतला आणि हसत म्हणाला, "मॅडमनी किती सुंदर सांगितलं बघा! हा देश युरोपातही आहे आणि आशियातही आहे. म्हणजे तुमच्या मुलांना युरोपचं शिक्षण आणि आशियाचा खर्च. दोन खंड, एक डिग्री! टाळ्या वाजवा मॅडमसाठी."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. माईक परत माझ्याकडे आला नाही.

बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत भावाने मला स्कूटरवर आणलं. प्लॅटफॉर्मवर सोडताना म्हणाला, "डिग्रीचं काहून बोलली? ते बाई विचारन, तुले उत्तर द्यायची काय गरज होती?"

"भाऊ, तिने मला विचारलं होतं."

"माह्यं नाक कापलं तू." एवढं बोलून गाडी यायच्या आधीच तो निघून गेला.

पुढच्या महिन्यात शाळेतल्या एका बाईंनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. त्या अमरावतीला लग्नाला गेल्या होत्या. "अहो, हे तुम्हीच ना?" बडनेऱ्याहून शहरात शिरताना रस्त्याच्या कडेला एक मोठा फ्लेक्स. त्यावर शाल पांघरलेली मी, माईकसमोर, एक हात वर केलेला. बाजूला लाल अक्षरांत 'दोन खंड, एक डिग्री'. खाली बारीक अक्षरांत 'भूगोल तज्ज्ञांचे मत'.

मी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. मला वाटलं होतं तो अजून रागात असेल. पण तो खुशीत होता. "पाह्यलं का? अमरावतीत समदे विचारून राह्यले, तुमची बहीण का हो? तुह्यामुळे त्याच्याकडे रांग लागली, बापा." ज्या बोलण्याने त्याचं नाक कापलं गेलं होतं, तेच बोलणं आता त्याच्या अभिमानाचं झालं होतं. मधे माफी वगैरे काही नव्हती.

"भाऊ, तो फ्लेक्स काढायला सांग. मी असं म्हटलं नाही."

"मंग काय म्हटलं होतं?"

दोन खंड हे मीच म्हटलं होतं. डिग्रीबद्दलही मीच बोलले होते. फक्त त्या दोन्हीच्या मधे जे होतं ते कोणीतरी काढून टाकलं होतं.

मी स्वतः अमरावतीला त्या एजंटाच्या कार्यालयात गेले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, यात खोटं काय आहे ते एकदा दाखवा. मी आत्ता उतरवतो." मी म्हटलं, माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय लावलाय. तो म्हणाला, "परवानगी तुमच्या दादांनी दिलीय. दादा तर आपल्या घरचेच आहेत. आणि तुमच्या भाचीची फाइल या आठवड्यात तिकडे चाललीय. तिचा व्हिसा नीट होऊ द्या, मग आपण बसून बोलू." त्याने आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. मी चहा न घेता उठले आणि खाली येऊन रिक्षात बसले. तो फ्लेक्स पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने फाटला, तोपर्यंत तिथेच होता.

पोरगी गेली त्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली. गल्लीतली, ऑफिसातली, नात्यातली सगळी माणसं आली होती. वहिनीने पोरीच्या बॅगेत तिखट, चकल्या, ठेच्याची बाटली असं इतकं कोंबलं होतं की चेन तुटली आणि बॅग सुतळीने बांधावी लागली. भाऊ प्रत्येकाला सांगत होता, "युरोपात चालली." कोणी "युरोपात कुठे?" विचारलं तर देशाचं नाव सांगायच्या आधी माझ्याकडे एकदा बघायचा. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं असतं तरी मी बोलले नसते.

तिकडून पोरीचे फोन मला यायचे, आईबापापेक्षा जास्त. त्यांच्याशी ती फक्त "मस्त आहे" म्हणायची. मला सांगायची की शिक्षक इंग्रजीत शिकवतात, पण दवाखान्यात रोगी फक्त त्यांचीच भाषा बोलतात. "आत्या, रोगी पोटाला हात लावून काहीतरी सांगतो अन् आम्ही सगळे मान हलवतो. कळत कोणालाच नाही." भाषेची शिकवणी होती, ती सगळ्यांनी परीक्षेपुरती केली होती.

एकदा म्हणाली, "इथे रस्त्यावर रोज मोर्चे आहेत. लोक निळे झेंडे घेऊन ओरडतात, आम्ही युरोपातले आहोत, आम्हाला युरोपात घ्या." मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला काय वाटणार? घरमालकीण म्हणते, तुम्ही आशियातले लोक फार तेल जाळता, घराला वास लागतो. मी तिला म्हटलं, तुमचा देश पण आशियातच धरतात. ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी." आणि हसली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही. पोर कडू व्हायला लागली होती.

त्याच सुमारास मला ती बाळापूरची बाई भेटली. अकोल्याच्या बसस्टँडवर. मी पारसच्या गाडीची वाट पाहत होते. तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं नाही. "मॅडम, तुमी त्या मेळाव्यात होत्या ना अमरावतीले?" तेव्हा मला तो पदर आणि तो प्रश्न आठवला.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"आली ना परत. मधातच. तिथं आजारी पडली, मंग पुन्हा जायचं नाव घेत नाही. आता घरीच हाय. बोलत नाही कोणाशी."

मी म्हटलं, "ताई, मी तर त्या दिवशी म्हटलं होतं, युरोपच्या नावावर जाऊ नका."

बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "नाही मॅडम," ती म्हणाली, "तुमी म्हटलं होतं दोन खंड हाय. माह्या मालकाचं मन नव्हतं पाठवायचं. मीच त्यायले फ्लेक्सवर तुमचा फोटो दाखवला. म्हटलं, शाळेची मॅडम हाय, ते काय खोटं सांगन?"

"तसं मी म्हटलं नव्हतं, ताई. ते त्याने लिहिलं."

"फोटो तर तुमचाच होता." तिने हे भांडण म्हणून म्हटलं नाही. एक गोष्ट दुसरीच्या शेजारी ठेवावी तसं म्हटलं. मग बाळापूरची बस लागली. "येतो मॅडम, तब्येतीले जपा," म्हणून ती चढली. मी पारसला गेलेच नाही. घरी आले आणि ती शाल कपाटातून काढून कामवालीला देऊन टाकली. त्याने काय झालं? काही नाही. तिने विचारलं, "चांगली हाय ना बाई, काहून देता?"

भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तिची पोरगीच कच्ची असन. आपली तर टिकून हाय ना?" मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं सणापुरतं झालं, आणि मग तेही वहिनीच करायला लागली.

आपली पोरगी टिकली, हे खरं. डिग्री घेऊन आली. परत आल्यावरच्या परीक्षेत आधी नापास झाली, मग अमरावतीच्या घरात पुन्हा तेच मान खाली घालून बसणं, दार लावून वाचणं, आणि मग पास झाली. भावाने पेढे वाटले, मला वहिनीकरवी पाठवले. आता पोरीला कुठलातरी मोठा दवाखाना बोलावेल, असं त्याला वाटत होतं.

अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात ती मुलाखतीला गेली, तिथे मोठ्या डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "रशियावाली का?"

"नाही सर, जॉर्जिया."

"तेच ते."

दुसऱ्या दवाखान्यातही तेच. तिथल्या नर्सही तिला ओळख व्हायच्या आधीच रशियावाली मॅडम म्हणायला लागल्या. तिथे ती थोडे दिवस राहिली. सही करायचा अधिकार दुसऱ्यांना, आणि जागायचं हिच्या वाट्याला. ज्या शब्दावर माझा भाऊ लग्नकार्यात हसायचा तोच शब्द त्याच्या पोरीच्या कपाळावर चिकटला, आणि तो काढायला कुठलाच नकाशा कामाचा नव्हता. भाऊ पुढे पुढे लोकांना 'बाहेरून शिकून आली' एवढंच सांगायचा. कुठून, हे सांगत नसे.

मग तिने स्वतःच कंत्राटी जागेसाठी अर्ज केला आणि धारणीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात लागली. भावाने घरात जेवण सोडलं. "युरोपात शिकून धारणीले?" पोरगी म्हणाली, "बाबा, युरोपात नव्हते मी." बाप-लेकीत यावरून जे झालं ते वहिनीने मला रडत रडत सांगितलं.

मी निवृत्त झाल्यावर तिला भेटायला गेले. परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोहवरून, बसने. रस्ता इतका खराब की बाजूची बाई मला धरून बसली होती. दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. पोरगी वाळली होती, पण माझ्याकडे बघून बोलत होती. तिथल्या बायांशी मोडक्या कोरकूत बोलायची, शब्द अडला की नर्सला विचारायची. मी म्हटलं, "शिकलीस की भाषा." ती म्हणाली, "तिकडे नाही शिकले, त्याची शिक्षा म्हणून शिकते आहे."

दुपारी आम्ही तिच्या क्वार्टरच्या पायरीवर भाकर खात बसलो होतो. तिने अचानक विचारलं, "आत्या, तू तेव्हा सरळ 'नाही' असं का म्हटलं नाहीस?"

"कशाला?"

"बाबा पुस्तिका घेऊन तुझ्याकडे आले होते. तू डोंगर सांगितला, नदी सांगितली, रेघ सांगितली. त्यांना फक्त हो किंवा नाही पाहिजे होतं."

"हो किंवा नाही असं उत्तरच नव्हतं, बाई. अन् मी नाही म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण मला म्हणता आलं असतं, आत्या नाही म्हणाली होती. मला तेवढं तरी पाहिजे होतं."

मी जे सांगितलं ते खरं होतं, आजही खरं आहे, आणि पुन्हा कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण त्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा वाटलं, खऱ्याचा सुद्धा वीट येऊ शकतो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊ होता. दोघं आता बोलत होते तर. मोजकं, तब्येत, बदली, पगार झाला का, असं. मग ती म्हणाली, "बाबा, आत्या आली आहे इथे. देऊ का?"

ती माझ्याकडे बघत होती, मी ताटातल्या भाकरीकडे.

"बरं," ती शेवटी फोनमधे म्हणाली, आणि ठेवला. "नंतर बोलतो म्हणाले."

व्हरांड्यात एक म्हातारा लेकराला कडेवर घेऊन आला होता. लेकरू तापाने फणफणलं होतं. ती हात धुऊन आत गेली. मी ताटं घासली, पालथी घातली, आणि संध्याकाळच्या बसची वेळ नर्सला विचारली. ती म्हणाली, बसचं काही सांगता येत नाही, जीप मिळाली तर बसून घ्या.